हात बसला का? औषधनिर्मितीतलं प्रशिक्षण आणि त्याची पारख

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. ही लस मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, वॉल्डेमार हाफकिन यांच्या देखरेखीखाली तयार झाली होती. टोचून घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर केलं गेलं. पुढे जे उजेडात आलं ते असं : गावात ती बाटली उघडताना सहायकाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जाहीरपणे हाफकिन यांची बाजू घेतली, तेव्हा कुठे त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. १९२५ पासून परळची ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

औषधाच्या कारखान्यातल्या प्रशिक्षणाबद्दल लिहिताना मला ही घटना आधी सांगावीशी वाटते, कारण आपल्या विषयाचा सगळा पेच तिच्यात आहे. जमिनीवर पडलेलं उपकरण निर्जंतुक केल्याशिवाय वापरू नये, हे १९०२ साली काही गुपित नव्हतं. पण ठाऊक असणं आणि ऐन वेळी हाताने तसं होणं, यांत अंतर असतं. त्या दिवशी ते अंतर १९ माणसांच्या जिवावर बेतलं. हे अंतर आधी ओळखता येईल का, मोजता येईल का आणि मोजून कमी करता येईल का, याचा विचार हे पुस्तक करतं.

मुळशी तालुक्यात बसून या प्रश्नाकडे पाहिलं की तो पुस्तकी राहत नाही. हा तालुका आता फक्त भाताचा आणि धरणाचा उरलेला नाही. हिंजवडी म्हटलं की लोकांना संगणकाच्या कंपन्या आठवतात, पण तिथेच इंजेक्शनं आणि लसीही बनतात. जेमकोव्हॅक-१९ ही देशातली पहिली एमआरएनए लस हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीची. तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. नांदे गावात ल्युपिनचं संशोधन केंद्र आहे, घोटवड्याला जैव-औषधांचा कारखाना आहे. पिरंगुट-उरवडे पट्ट्यात रसायनांपासून शीतपेयांपर्यंत नाना प्रकारचे कारखाने आहेत. त्यांत काम करणारी मुलंमुली पौड खोऱ्यातली आहेत, तशीच मराठवाड्यातून, विदर्भातून बी.एस्सी. किंवा डी.फार्म. करून आलेलीही आहेत. काही कायम, बरीचशी कंत्राटी. या सगळ्यांची एक ट्रेनिंग फाईल असते आणि त्या फाईलमध्ये पानोपानी सह्या असतात. त्या सह्यांमागे नेमकं काय आहे, हे पाहायचं आहे.

ज्यांना हे क्षेत्र नवं आहे त्यांच्यासाठी थोडं मुळापासून सांगते. भाजी घेताना आपण ती हाताळून, वास घेऊन पाहतो. गोळीच्या बाबतीत रुग्णाला तशी सोय नाही. कारखान्यालाही ती पुरती नाही, कारण जी गोळी तपासली ती संपली. लाखो गोळ्यांच्या बॅचमधून थोडे नमुने प्रयोगशाळेत जातात आणि उरलेल्यांवर विश्वास ठेवावा लागतो. तो विश्वास एकाच गोष्टीतून येतो : कच्चा माल वजन करण्यापासून खोक्यावर लेबल लावण्यापर्यंत प्रत्येक पायरी ठरल्याप्रमाणे आणि दरवेळी तशीच झाली. ठरलेलं काय, ते एसओपीमध्ये लिहिलेलं असतं. झालं काय, ते बॅच रेकॉर्डमध्ये. दोन्हींत फरक पडला की त्याला डेव्हिएशन म्हणतात. त्याचं कारण शोधून ते पुन्हा होऊ नये म्हणून जी पावलं उचलतात, त्यांना सगळे ‘कापा’ म्हणून ओळखतात. गुणवत्ता हमी विभाग, म्हणजे क्यूए, या सगळ्यावर लक्ष ठेवतो, आणि क्यूएवर लक्ष ठेवायला सरकारी निरीक्षक असतात : राज्याचं अन्न व औषध प्रशासन, केंद्राची औषध नियंत्रण यंत्रणा आणि माल निर्यात होत असेल तर अमेरिका, युरोपचे तपासनीस. एसओपी कितीही चोख लिहिली तरी ती अमलात आणतो माणूस. म्हणून या साखळीत प्रशिक्षणाला जागा मिळाली.

ही जागा सहज मिळालेली नाही. औषधांचे नियम बहुतेक वेळा मृत्यूंनंतर कडक झाले. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फाच्या एका पातळ औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रावक वापरलं गेलं आणि शंभरावर माणसं मेली. पुढच्याच वर्षी तिथे नवा कायदा आला. तेच विष १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून रुग्णांच्या शरीरात गेलं आणि १४ जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणात रुग्णालय, पुरवठादार आणि औषध प्रशासन अशा सगळ्यांची झाडाझडती घेतली. महाराष्ट्रात औषधाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो अहवाल निदान चाळावा, असं मला मनापासून वाटतं. परवाने, सह्या, शिक्के असूनही विष रुग्णापर्यंत कसं पोचतं, हे त्यातून कळतं. १९८८ मध्ये आपल्याकडे उत्तम निर्मिती पद्धतींचं ‘शेड्यूल एम’ आलं, २००१ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली, आणि २८ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने ते जवळजवळ नव्याने लिहिलं गेलं.

प्रशिक्षणाबद्दल हे सगळे नियम काय म्हणतात? अमेरिकेच्या १९७८ च्या नियमांत प्रत्येक माणसाला त्याच्या कामापुरतं शिक्षण, प्रशिक्षण आणि अनुभव हवा आणि निर्मिती पद्धतींचं प्रशिक्षण सतत चालू हवं, असा दंडक आहे. युरोपचे आणि जागतिक आरोग्य संघटनेचे नियम एक पाऊल पुढे जातात : प्रशिक्षणाचा प्रत्यक्ष व्यवहारात उपयोग होतो आहे का, हे ठरावीक काळाने तपासायला सांगतात. आयएसओ ९००१ तेच सांगतं. वैद्यकीय उपकरणांसाठीचं आयएसओ १३४८५ हे मानक २०१६ च्या आवृत्तीत एक शहाणपणाची सूचना करतं, की काम जितकं जोखमीचं तितकी ही तपासणी सखोल असावी. पण तपासायचं कसं, हे कुणीच सांगत नाही. तो निर्णय कारखान्यावर सोडलेला आहे. बहुतेक कारखान्यांनी सोपी वाट धरली : वर्ग घ्यायचा, शेवटी दहा प्रश्नांचा पेपर घ्यायचा, ८० टक्के गुण मिळाले की पास. तपासनीस आला की फाईल पुढे करायची. नियमाची भाषा पाळली जाते, पण नियमाला जे हवं होतं ते बाजूलाच राहतं.

‘कसं मोजायचं’ यावर कारखान्यांच्या बाहेर मात्र शंभर-सव्वाशे वर्षं विचार झालेला आहे. त्यात चार ठळक परंपरा दिसतात.

पहिली परंपरा स्मरणाच्या अभ्यासाची. जर्मनीत हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने आणि मग हळूहळू विसरलं जातं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा तो न बघता आठवायचा प्रयत्न केला तर आठवड्याने जास्त लक्षात राहतो. आपल्याकडे सगळ्यांत जास्त चालणारा प्रशिक्षणाचा प्रकार म्हणजे ‘रीड अँड अंडरस्टूड’ : एसओपी वाचली, समजली, सही केली. या दोन्ही अभ्यासांच्या उजेडात तो सगळ्यांत कमकुवत प्रकार ठरतो. वर्ग संपताच घेतलेला पेपरही फार काही सांगत नाही, कारण विसरायला अजून वेळच मिळालेला नसतो.

दुसरी परंपरा कारखान्याच्या फरशीवर जन्मली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतले कारखाने नवख्या माणसांनी भरले होते आणि त्यांना आठवड्यांत तयार करायचं होतं. तेव्हा सरकारने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम चालवला. त्याची पद्धत चार पायऱ्यांची : माणसाची तयारी करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, मग पाठपुरावा करा. शिकणाऱ्याला जमलं नाही तर शिकवण्यात उणीव राहिली, असं ही परंपरा मानते. तिच्यात पारख शिकवण्यातच मिसळलेली आहे. मुळशीत भातलावणीला पहिल्यांदा उतरलेल्या मुलीला कुणी प्रश्नपत्रिका देत नाही. शेजारची बाई तिच्या दोन ओळी बघते, रोप फार खोल गेलं तर हात धरून दाखवते, आणि आठ दिवसांनी रोपं धरली का ते बांधावरून बघून घेते. दाखवणं, करवून घेणं आणि काही दिवसांनी परत येऊन बघणं, एवढ्यात पारखीचं सार आहे.

तिसरी परंपरा डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांची. १९५९ पासून लिहिलेल्या लेखांत त्यांनी मोजमापाच्या चार पातळ्या मांडल्या : लोकांना वर्ग कसा वाटला, ते काय शिकले, कामावर त्यांची वागणूक बदलली का, आणि त्यातून शेवटी काय निष्पन्न झालं. प्रशिक्षणाच्या जगात आजही हीच चौकट सर्वाधिक वापरली जाते. जॅक फिलिप्स यांनी तिच्यावर पाचवी पातळी चढवली, गुंतवलेल्या पैशाच्या परताव्याची. रॉबर्ट ब्रिंकरहॉफ यांनी वेगळी वाट काढली : सगळ्यांची सरासरी काढत बसण्यापेक्षा ज्यांना प्रशिक्षणाचा उत्तम उपयोग झाला आणि ज्यांना अजिबात झाला नाही, अशा दोन टोकांच्या माणसांना गाठा आणि त्यांच्या कामात काय वेगळं आहे ते खोदून विचारा. लहान कारखान्यांना ही वाट फार सोयीची आहे. कर्कपॅट्रिक यांच्या चौकटीवर टीकाही झाली. १९९७ मध्ये अ‍ॅलिगर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा वर्ग आवडण्याचा आणि शिकण्याचा फारसा संबंध दिसला नाही. तरीही वर्गाच्या शेवटी चेहऱ्यांची चित्रं असलेला फीडबॅक फॉर्म भरून घेण्याची चाल अजून सुरूच आहे.

चौथी परंपरा चुकीकडेच वेगळ्या नजरेने पाहते. एडवर्ड्स डेमिंग आयुष्यभर सांगत राहिले, की बहुतांश दोष व्यवस्थेत असतात आणि व्यवस्था बदलणं हे व्यवस्थापनाचं काम आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या आसपास मानवी चुकांची वर्गवारी केली. नकळत हात घसरणं, विसरणं, चुकीचा समज होणं आणि जाणूनबुजून नियम मोडणं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीवरचा इलाज वेगळा आहे. यांपैकी प्रशिक्षणाने मुख्यतः चुकीचा समज दुरुस्त होतो. सारखी दिसणारी दोन बटणं शेजारी असतील आणि रात्री तीन वाजता हात भलत्याच बटणावर गेला, तर कितीही वर्ग घेऊन उपयोग नाही. बटण हलवावं लागतं.

या चारही परंपरा आपल्या कारखान्यांना हव्यात, पण त्या एकत्र आलेल्या क्वचितच दिसतात. जिथे त्या आल्या आहेत अशी दोन कामं औषधनिर्मितीतच आहेत, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहेत.

पहिलं काम निर्जंतुक विभागात शिरण्यासाठी कपडे चढवण्याचं. गाउनिंग शिकवताना आधी करून दाखवतात, मग आरशासमोर करवून घेतात. त्यानंतर त्या माणसाच्या हातमोज्यांच्या बोटांवर, बाहीवर, छातीवर, टोपीवर जंतूंचं खाद्य भरलेल्या लहान बशा टेकवल्या जातात. त्या बशा उबवायला ठेवतात आणि काही दिवसांनी त्यांवर जंतूंच्या वसाहती उगवल्या का ते मोजतात. तिथे माणसाने काय ऐकलं, किती गुण मिळवले, याला किंमत नाही. बाही चढवताना ती जमिनीला लागली असेल तर बशी ते सांगते. याच्या पुढची परीक्षा मीडिया फिलची : औषधाऐवजी जंतू सहज वाढतील असं द्रावण हजारो कुप्यांत नेहमीच्याच पद्धतीने, नेहमीच्याच माणसांकडून भरायचं, निदान १४ दिवस उबवायचं आणि एकही कुपी गढूळ झाली नाही ना ते पाहायचं. युरोपच्या २०२२ च्या नियमांनुसार ही परीक्षा साधारणपणे दर सहा महिन्यांनी, प्रत्येक लाईनवर, प्रत्येक पाळीत होते. माणूस, एसओपी, यंत्र, हवा, सगळ्यांची पारख एकदम होते आणि ती प्रत्यक्ष कामातूनच होते.

दुसरं काम इंजेक्शनच्या कुप्या डोळ्यांनी तपासण्याचं. काळ्या पार्श्वभूमीपुढे पाच सेकंद, पांढऱ्यापुढे पाच सेकंद, ठरलेल्या उजेडात कुपी हलकेच फिरवून बघायची : आत तंतू, काचेचा कण, काही तरंगतंय का. हे काम बहुधा तरुण मुली करतात आणि तासन्‌तास करतात. त्यांची पात्रता ठरवण्यासाठी माहीत असलेले दोष असलेल्या कुप्या चांगल्या कुप्यांत मिसळून देतात. किती दोष सापडले ते मोजतात आणि किती चांगल्या कुप्या उगीच बाद झाल्या तेही मोजतात. चांगले कारखाने ही परीक्षा पाळीच्या शेवटी घेतात, जेव्हा डोळे शिणलेले असतात. इथे प्रश्न असा असतो, की दमलेली असताना, खऱ्या वेगाने, ती काम नीट करते का? आणि तिचे आकडे घसरले तर पहिला संशय उजेडावर, बसण्याच्या उंचीवर, विश्रांतीच्या वेळांवर घ्यावा, तिच्यावर नंतर.

या दोन कामांत जे जमलं ते इतरत्र का जमू नये? पॅकिंग विभागातला लाईन क्लिअरन्स घ्या. एक बॅच संपली की दुसरी सुरू होण्याआधी लाईनवर मागच्या बॅचचं एकही कार्टन, पत्रक, ब्लिस्टर राहता कामा नये. चुकून राहिलं तर रक्तदाबाच्या गोळीच्या खोक्यात मधुमेहाची पट्टी जाऊ शकते. चेकलिस्टवर बारा-पंधरा खुणा असतात आणि सगळ्या केलेल्या असतात. ती तपासणी खरंच होते का, हे पाहायचं तर क्यूएने मोजून, नोंदवून, ठळक खूण केलेले चार-पाच नमुने लाईनच्या अवघड जागी ठेवावेत आणि कितीपैकी किती सापडतात ते बघावं. परीक्षा संपली की ते सगळे परत मोजून घ्यावेत. पाचपैकी तीनच सापडले तर पेपरात १०० पैकी १०० मिळवलेल्या माणसाबद्दल आणि त्या चेकलिस्टबद्दलही आपल्याला नवं काही कळतं. बहुतेकदा असं निघतं, की न सापडलेले दोन तिथे होते जिथे वाकून बघायला जागाच नाही.

मोजायला लागलं की आकड्यांचे सापळेही समोर येतात. प्रशिक्षण १०० टक्के पूर्ण, हा आकडा हजेरीचा असतो. डेव्हिएशन कमी झाली, हा आकडा ऐकायला गोड, पण ती घडायची थांबली की लोकांनी सांगायची थांबवली, हे त्यातून कळत नाही. जिथे चूक सांगणाऱ्याची पगारवाढ अडते, तिथे आकडे नेहमी छान असतात. वर्षाला चार चुका होणाऱ्या विभागात पुढच्या वर्षी दोन झाल्या तर तो प्रशिक्षणाचा परिणाम की निव्वळ योगायोग, हे एवढ्या लहान आकड्यांवरून ठरत नाही. म्हणून आधीची स्थिती नोंदवून ठेवणं, एका पाळीला आधी आणि दुसरीला नंतर शिकवून तुलना करणं, दोन चुकांमधले दिवस मोजणं, महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघणं, अशा साध्या पण शिस्तीच्या पद्धती लागतात. त्यांना संगणकापेक्षा धीर जास्त लागतो.

सगळ्यांत मोठा सापळा म्हणजे री-ट्रेनिंग. चूक झाली, कारण लिहिलं ‘ह्यूमन एरर’, उपाय लिहिला ‘संबंधित कर्मचाऱ्यास पुन्हा प्रशिक्षण दिले’, सही, फाईल बंद. ज्याने हेच काम चार वर्षं बिनचूक केलं त्याला ते येत नव्हतं, असं आपण कागदावर लिहितो आणि तो माणूस मान खाली घालून सही करतो. हे अन्यायाचं आहे, आणि धोक्याचंही, कारण खरं कारण तसंच राहतं. एखाद्या कारखान्यात प्रशिक्षण किती परिणामकारक आहे याची झटपट खूण हवी असेल, तर वर्षभराच्या कापांत किती वेळा री-ट्रेनिंग लिहिलंय आणि त्यांपैकी किती चुका पुन्हा झाल्या, ते मोजावं.

प्रशिक्षणाच्या मर्यादा सांगताना उरवड्याचं नाव घ्यावंच लागतं. ७ जून २०२१ रोजी तिथल्या एका रसायन कारखान्यात आग लागून १७ कामगारांचा मृत्यू झाला; त्यांत बहुसंख्य महिला होत्या. हा प्रसंग औषधाच्या गुणवत्तेचा नव्हता, पण प्रशिक्षणाकडून किती अपेक्षा ठेवायची, याचा धडा त्यात आहे. ज्वालाग्राही माल कुठे आणि किती साठवायचा, दरवाजे किती, परवाने कसले, हे प्रश्न वर्ग घेऊन सुटत नाहीत. संरक्षणाच्या सगळ्या उपायांत प्रशिक्षण सर्वांत नाजूक आहे. धोका मुळातून काढता येत असेल, यंत्राने अडवता येत असेल, तर आधी ते करावं. जे उरेल त्यासाठी माणसाला शिकवावं आणि मग ते जमतंय का हे प्रामाणिकपणे तपासावं.

भाषेचाही प्रश्न आहेच. तपासनिसाला दाखवायची म्हणून एसओपी इंग्रजीत असते आणि ज्याने ती पाळायची तो मनात मराठीत, हिंदीत काम करत असतो. पेपर इंग्रजीत घेतला की आपण त्याची इंग्रजी तपासतो, काम नाही. अनेक ठिकाणी सुपरवायझर एसओपी मराठीत समजावून सांगतो, पण काय सांगितलं त्याची नोंद कुठेच नसते. हे पुस्तक मराठीत निघतंय त्यामागे हेच कारण आहे. डेव्हिएशन, कापा, बॅच हे शब्द आपल्या कारखान्यांत मराठी झालेत; त्यांच्याभोवतीचा विचारही मराठीत व्हायला हवा.

हे सगळं आत्ताच का? सुधारित शेड्यूल एममध्ये गुणवत्ता प्रणाली आणि जोखीम व्यवस्थापन आता बंधनकारक आहे. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ते आधी लागू झालं. लहान आणि मध्यम कारखान्यांना दिलेली मुदतवाढ ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. ज्या कारखान्यांत क्यूए म्हणजे दोन-तीन माणसं, तिथेही आता प्रशिक्षणाची परिणामकारकता दाखवावी लागेल, आणि घाईत सगळे तोच दहा प्रश्नांचा पेपर छापतील, ही भीती खरी आहे. दुसरं कारण अधिक वेदनेचं आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लहान मुलं मूत्रपिंडं निकामी झालेल्या अवस्थेत नागपूरच्या रुग्णालयांत येत होती. खोकल्याच्या औषधात तेच डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. वीसहून अधिक मुलं गेली. १९३७, १९८६, २०२५ : विष तेच. प्रत्येक वेळी ते रोखण्याची तपासणी माहीत होती. तिसरं कारण, प्रशिक्षण आता पडद्यावर सरकतंय. व्हिडिओ, क्लिक, आपोआप तयार होणारं प्रमाणपत्र. यातून नोंदी चोख होतात, पण शिकणाऱ्याच्या शेजारी उभं राहून बघणारी माणसं कमी होतात. पारख त्या बघण्यातच असते.

या पार्श्वभूमीवर संपादकांनी हे लेख एकत्र केले आहेत. लिहिणारे औषध, लस, वैद्यकीय उपकरणं आणि अन्न या चार क्षेत्रांत काम केलेले आहेत. कुणी क्यूएचे, कुणी उत्पादनातले, कुणी प्रशिक्षक. त्यांच्यात एकमत नाही, आणि ते मला या पुस्तकाचं बळ वाटतं. काहींचा आकड्यांवर भर आहे, काहींना वाटतं की अनुभवी सुपरवायझरची नजर हेच खरं माप. परतावा पैशात मोजावा की नाही, यावर तर सरळ वाद आहे. माझं मत असं, की जो मृत्यू टळला त्याची किंमत मांडायला जाऊ नये. पण दुसरी बाजूही वाचकाने ऐकावी. पुस्तकात तयार फॉर्म थोडे आहेत आणि प्रश्न पुष्कळ. फॉर्म हवे म्हणून जो पुस्तक उघडेल त्याची थोडी निराशा होईल. आपल्या विभागातलं एखादं काम डोळ्यांपुढे ठेवून जो वाचेल, त्याच्या हाताला बरंच लागेल.

वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवावेत. हे प्रशिक्षण झाल्यावर कुणाच्या हाताने काय वेगळं होणार आहे? ते वेगळेपण कुठे उभं राहून, कधी दिसेल? आणि ते दिसलं नाही, तर माणसाला दोष देण्याआधी आपण काय काय तपासणार? वर्ग घेण्याच्या आधी या तिन्हींची उत्तरं लिहून ठेवली, तर मोजमाप अर्धं झालेलंच असतं. उत्तरं लिहिता येत नसतील, तर तो वर्ग घ्यायचा का, याचाच फेरविचार करावा.

नव्याने क्यूएमध्ये आलेल्या मुलामुलींना माझं एक सांगणं आहे. पुस्तक मिटल्यावर आपल्या कारखान्यातलं एकच जोखमीचं काम निवडा. गेल्या महिन्यात त्याचं प्रशिक्षण ज्यांना दिलं, त्यांच्याकडे रात्रपाळीत जा. चेकलिस्ट खिशातच ठेवा. ते काम कसं करतात ते बघा, आणि जिथे एसओपीपासून हटून करतात तिथे का, ते नम्रपणे विचारा. त्यांचं उत्तर लिहून घ्या, सकाळी वरिष्ठांना द्या, आणि त्यातलं निदान एक कारण दूर होईपर्यंत पाठ सोडू नका. जे औषध घेतात त्यांना आपलं नाव कधीच कळणार नाही. त्यांचा आपल्यावर असलेला विश्वास सार्थ ठरवण्याचा याहून सरळ मार्ग मला ठाऊक नाही.